अणुऊर्जा आणि अण्वस्त्रे: वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा कायदा बदलला, तेव्हापासून या विषयावर येणाऱ्या पत्रांची संख्या बरीच वाढली आहे. पत्रे तारापूरच्या परिसरातून येतात, राजापूर तालुक्यातून येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून येतात आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांकडूनही येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे शक्यतो वाचकांच्याच शब्दांत घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अणुवीज आणि अणुबाँब या मुळात एकच गोष्टी आहेत का?

दोन्हींच्या मुळाशी अणूचे विखंडन, म्हणजे अणुकेंद्र फुटणे, आहे, परंतु दोन्ही यंत्रे अगदी वेगळी आहेत. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांसाठी ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते आणि बाँबसाठी सुमारे ९० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे वीज निर्माण करणाऱ्या भट्टीत बिघाड होऊ शकतो, वाफेचा किंवा हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो, किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडू शकते. परंतु ती भट्टी बाँबसारखी फुटू शकत नाही.

तरीही दोन्हींमध्ये एक खरा दुवा आहे, आणि तो वापरलेल्या इंधनात सापडतो. भारतातील २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत १२ इंधन-जुडगे बसवलेले असतात. एक जुडगा सुमारे अर्धा मीटर लांब असतो. १९ बारीक कांड्या एकत्र बांधलेला हा जुडगा ओंडक्यासारखा दिसतो आणि त्यात नैसर्गिक युरेनियम भरलेले असते. भट्टी चालू असतानाच यंत्राच्या साहाय्याने एका टोकाने नवा जुडगा आत सरकवता येतो आणि दुसऱ्या टोकाने जुना बाहेर काढता येतो. भट्टीत राहिलेल्या युरेनियमचा काही भाग प्लुटोनियममध्ये बदलतो, आणि जुडगा लवकर बाहेर काढला तर ते प्लुटोनियम शस्त्रासाठी अधिक सोयीचे ठरते. कोणती भट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीखाली असावी, यावर दशकानुदशके वाद झाले, त्याचे भौतिक कारण हे आहे.

२. भारतात वीज आणि शस्त्र ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे का दिली गेली?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो, कारण पुढचे अर्धे वाद येथूनच निघतात.

१९४८ मध्ये पहिला अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. कायद्यावरील चर्चेत संविधान सभेचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी एक नेमका आक्षेप घेतला होता. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणविषयक संशोधनापुरती आहे, मग शांततेच्या संशोधनावरही आपण पडदा का टाकत आहोत, असे त्यांनी विचारले. पंतप्रधान नेहरूंच्या उत्तराचा आशय असा होता की, या दोहोंमध्ये फरक कसा करायचा हे आपल्याला सांगता येत नाही. नेहरूंचे उत्तर प्रामाणिक होते, असे मी मानतो. परंतु त्या उत्तरामुळे जी व्यवस्था उभी राहिली, तिची किंमत देश आजही मोजत आहे.

१९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आला. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९५६ मध्ये अप्सरा आणि १९६० मध्ये सायरस या संशोधन भट्ट्या सुरू झाल्या. होमी भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्ये तेथील अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. एकाच आवारात, एकाच प्रशासनाखाली वीजनिर्मितीचे, वैद्यकीय समस्थानिकांचे आणि पुढे शस्त्रांचेही काम होत राहिले. त्यातून देशाने बाहेरच्या मदतीशिवाय भट्ट्या उभारण्याची क्षमता मिळवली, आणि ही कामगिरी लहान नाही. परंतु त्याचबरोबर अशी एक सवय पडली की, समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याविषयी कोणी मच्छीमाराने विचारले, तरी जणू शस्त्रागाराविषयीच विचारले आहे अशा रीतीने त्याला उत्तर मिळू लागले.

३. १९७४ ची चाचणी शांततेसाठी होती, तर जगाने निर्बंध का लादले?

१८ मे १९७४ रोजी पोखरणला झालेल्या स्फोटाला भारताने ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले. त्यात वापरलेले प्लुटोनियम सायरस भट्टीतून आले होते. ही भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती, तिला जड पाणी अमेरिकेने पुरवले होते, आणि दोन्ही देशांशी शांततामय वापराची बोली झाली होती. भारताचे म्हणणे होते की, स्फोटक चाचणीही शांततामय असू शकते आणि करारात ती मना केलेली नाही. कॅनडाने सहकार्य थांबवले. पुरवठादार देशांनी एकत्र येऊन स्वतःचा गट स्थापन केला, तो आज एनएसजी म्हणून ओळखला जातो.

याची झळ महाराष्ट्राला थेट बसली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या आहेत आणि त्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. त्यांना समृद्ध (म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले) युरेनियम अमेरिकेने पुरवायचे ठरले होते. १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा कडक केला आणि हा पुरवठा अडकला. पुढे फ्रान्सने, त्यानंतर चीनने आणि रशियाने इंधन दिले. पोखरणच्या निर्णयाचा भार अशा रीतीने तारापूरच्या विजेवर आला.

४. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही का केली नाही?

या करारात १ जानेवारी १९६७ पूर्वी चाचणी केलेल्या देशांनाच अण्वस्त्रधारी मानले आहे. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये चाचणी केली होती, म्हणून तो त्या गटात गेला. भारताने सही केली असती, तर त्याला कायमचे अण्वस्त्ररहित राष्ट्र म्हणून राहावे लागले असते. हा भेदभाव आहे, ही भारताची भूमिका सर्व पक्षांच्या सरकारांनी टिकवली. १९९६ मध्ये सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या वेळी जिनिव्हात भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी हीच भूमिका ठामपणे मांडली होती.

५. आपले अधिकृत अण्वस्त्र धोरण नेमके कोठे लिहिलेले आहे?

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पाच चाचण्या झाल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. ऑगस्ट १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने धोरणाचा मसुदा जाहीर केला. तो मसुदाच होता; बरेच वाचक त्यालाच अंतिम धोरण समजतात. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने स्वीकारलेल्या धोरणाचे निवेदन ४ जानेवारी २००३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात किमान विश्वासार्ह प्रतिरोधन (शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करण्यापुरतीच शस्त्रे बाळगणे), प्रथम वापर न करणे, हल्ला झाल्यास प्रचंड प्रत्युत्तर देणे आणि अण्वस्त्ररहित देशांविरुद्ध अण्वस्त्रे न वापरणे, असे मुद्दे आहेत. वापराचा आदेश फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषद देऊ शकते.

या धोरणाला एक अपवाद आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. भारतावर किंवा कोठेही भारतीय सैन्यावर मोठा जैविक अथवा रासायनिक हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याचा पर्याय भारताने राखून ठेवला आहे. म्हणून ‘प्रथम वापर नाही’ याचा अर्थ ‘अण्वस्त्रहल्ल्यावाचून कधीही वापर नाही’ असा घेता येत नाही.

६. मग ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण आता बदलले आहे का?

अधिकृतरीत्या बदललेले नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी, आपण स्वतःला असे बांधून का घ्यावे, असा प्रश्न जाहीरपणे केला आणि हे आपले वैयक्तिक मत असल्याचेही स्पष्ट केले. १६ ऑगस्ट २०१९ रोजी राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की, आजवर आपले धोरण हेच राहिले आहे, परंतु पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. २००३ च्या निवेदनाची जागा घेणारे दुसरे निवेदन मात्र सरकारने प्रसिद्ध केलेले नाही.

धोरण बदलावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की, पाकिस्तान रणांगणावर वापरायची लहान अण्वस्त्रे बाळगत असताना आपण पहिला आघात सोसण्याची तयारी जाहीर करणे अन्यायाचे आहे. बदलू नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की, पहिला वार करायचा तर शस्त्रे सदैव सज्ज ठेवावी लागतात, संकटाच्या वेळी दोन्ही बाजूंना घाई सुटते आणि चुकीने युद्ध पेटण्याचा धोका वाढतो. मला दुसरा युक्तिवाद अधिक पटतो. परंतु मला खटकते ते वेगळेच आहे. हे धोरण कायदा नाही. ते बदलण्यासाठी संसदेत मतदान घेण्याचे बंधन नाही, आणि कोट्यवधी लोकांच्या जिवाशी संबंधित असलेला हा बदल एखाद्या भाषणातील एका वाक्यातून आपल्याला उमगावा, ही स्थिती बरी नव्हे.

७. १९९८ ची हायड्रोजन बाँबची चाचणी फसली होती, हे खरे आहे का?

हा वाद शास्त्रज्ञांमध्येच आहे. चाचण्यांशी संबंधित असलेले के. संथानम यांनी २००९ मध्ये सांगितले की, औष्णिक-अणू उपकरणाने, म्हणजे हायड्रोजन बाँबने, अपेक्षेइतकी शक्ती दिली नाही. आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते नाकारले आणि सुमारे ४५ किलोटनांचा मूळ दावा कायम ठेवला. ज्या नोंदींवरून निवाडा करायचा त्या गोपनीय आहेत, त्यामुळे बाहेरच्या माणसाने यावर छातीठोकपणे बोलू नये.

८. २००८ च्या अणुकरारासाठी सरकार पणाला लागले, पण त्यातून मिळाले काय?

जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी नागरी अणुसहकार्याविषयी संयुक्त निवेदन केले. त्यानंतर भारताने आपल्या २२ भट्ट्यांपैकी १४ आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणण्याचे मान्य केले आणि उरलेल्या लष्करी गरजेसाठी मोकळ्या ठेवल्या. म्हणजे १९४८ मध्ये जी रेघ ओढता येत नाही असे म्हटले गेले होते (प्रश्न २ पाहा), ती ५८ वर्षांनी परदेशाशी झालेल्या वाटाघाटींमध्ये ओढली गेली. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला आणि २२ जुलै २००८ रोजी सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. सप्टेंबरमध्ये एनएसजीने भारताला सूट दिली.

प्रत्यक्ष लाभ झाला तो युरेनियमच्या आयातीत. इंधनाअभावी कमी क्षमतेने चालणाऱ्या स्वदेशी भट्ट्या त्यामुळे पूर्ण क्षमतेने चालू लागल्या. अमेरिकी किंवा फ्रेंच कंपनीची एकही नवी भट्टी मात्र त्या करारानंतर भारतात उभी राहिलेली नाही. किंमत हे त्याचे एक कारण आहे आणि दुसरे पुढच्या उत्तरात आहे.

९. अणुप्रकल्पात अपघात झाला, तर भरपाई कोण देणार?

२०१० चा नुकसानभरपाई कायदा समजण्यासाठी भोपाळ आठवावे लागते. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेचा फौजदारी निकाल जून २०१० मध्ये लागला आणि त्यातील सौम्य शिक्षांमुळे देशभर संताप उसळला. काही आठवड्यांनी हा कायदा संसदेत चर्चेला आला तेव्हा जगात इतरत्र सहसा न आढळणारी तरतूद त्यात आली: सदोष उपकरणामुळे अपघात घडला, तर प्रकल्प चालवणारी कंपनी पुरवठादाराकडून वसुली करू शकेल. चालकाचे दायित्व १,५०० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित ठेवले होते. परदेशी पुरवठादार या कलमामुळे मागे हटले.

डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘शांती’ कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाई कायदा हे दोन्ही रद्द केले. दायित्वाची मर्यादा आता प्रकल्पाच्या आकारानुसार बदलते. सर्वांत मोठ्या प्रकल्पांसाठी ती ३,००० कोटी रुपये आहे आणि सर्वांत लहानांसाठी १०० कोटी. सदोष उपकरणासाठी पुरवठादाराकडून वसुली करण्याचा कायद्याने दिलेला हक्क गेला. लेखी करारात तशी तरतूद असेल किंवा हेतुपुरस्सर नुकसान केले असेल, तरच वसुली होऊ शकते. मर्यादेपलीकडच्या भरपाईचा भार सरकारवर, म्हणजे करदात्यांवर येतो. समर्थकांच्या मते गुंतवणूक येण्यासाठी हे आवश्यक होते. माझ्या मते भोपाळनंतर शिकलेला धडा आपण फार स्वस्तात परत केला.

१०. आता खासगी कंपन्या अण्वस्त्रांच्या कामातही येतील का?

नाही. नव्या कायद्याने खासगी कंपन्यांना परवाना घेऊन वीज प्रकल्प उभारण्याची आणि चालवण्याची वाट मोकळी केली आहे. युरेनियमचे समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि जड पाण्याचे उत्पादन ही शस्त्रांच्या वाटेवरची कामे सरकारकडेच राखलेली आहेत. याच कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. हे मंडळ १९८३ मध्ये केवळ प्रशासकीय आदेशाने स्थापन झाले होते, आणि ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्याच छत्राखाली ते होते, अशी टीका २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनीही केली होती. ही सुधारणा उशिरा झाली, पण योग्य झाली.

११. जैतापूरचा प्रकल्प होणार की नाही?

राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉट, अशी ही योजना आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये तिला पर्यावरण मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. पुढे फ्रेंच बाजूने अरेव्हा कंपनीच्या जागी ईडीएफ ही कंपनी आली आणि तिने २०२१ मध्ये तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव दिला. किंमत आणि दायित्व यांवरील चर्चा लांबत गेली. जमीन घेतली गेली, कुंपण पडले, पण भट्टी उभी राहिलेली नाही.

तेथील विरोधाचे मूळ समजून घ्यायचे असेल, तर सातबारा पाहावा. माडबनच्या एका वयस्कर शेतकऱ्याने आपला जुना उतारा माझ्यापुढे उलगडून ‘पोटखराबा’ या नोंदीवर बोट ठेवले होते. सरकारी कागदावर ती लागवडीस अयोग्य जमीन होती. त्याच कातळाच्या सड्यावर त्यांची गुरे चरत, पावसाळ्यात खोलगट जागी भात आणि नाचणी होई, आणि सुरुंगाने खड्डे फोडून, खालून माती वाहून आणून लावलेली हापूसची कलमे उभी होती. एका कलमापाठीमागे किती वर्षांची मेहनत असते, हे मोजायला त्या उताऱ्यात रकानाच नव्हता. २०१३ मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली आणि अनेकांनी ती स्वीकारली, हेही सांगितले पाहिजे.

मच्छीमारांचा प्रश्न निराळा आहे, कारण त्यांच्या नावावर समुद्राचा सातबारा नसतो. भट्टी थंड करण्यासाठी घेतलेले पाणी काही अंशांनी गरम होऊन परत समुद्रात जाते, आणि सुरक्षेसाठी किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात होड्यांना मज्जाव होतो. ज्याची जमीन जात नाही, तो कागदोपत्री प्रकल्पग्रस्त ठरत नाही. साखरी नाट्याचा राग या ठिकाणी होता.

१२. तारापूरचे लोक ५० वर्षांहून अधिक काळ प्रकल्पाशेजारी राहतात, मग जैतापूरकरांना भीती कशाची?

तारापूरला इतक्या वर्षांत बाहेरच्या वस्तीला हलवावे लागेल असा अपघात झालेला नाही, हे खरे आहे आणि विरोधकांनीही ते मान्य करायला हवे. परंतु तारापूरकरांना त्यांचा अनुभव विचारला, तर ते किरणोत्सर्गाच्या आधी पुनर्वसनाविषयी बोलतात. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. घरे, नोकऱ्या आणि मासेमारीचा किनारा यांविषयीचे त्यांचे अर्ज आणि खटले भट्ट्या सुरू झाल्यानंतरही चालूच राहिले. जैतापूरचे लोक फुकुशिमाकडे पाहतात तसे पोफरणकडेही पाहतात.

१३. अणुप्रकल्पाला विरोध करणे हा देशद्रोह ठरतो का?

नाही. तमिळनाडूतील कूडनकुलमच्या आंदोलनात हजारो लोकांवर देशद्रोहासह गुन्हे नोंदवले गेले होते. ६ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प चालू करण्यास मोकळीक दिली, मात्र सुरक्षेविषयी निर्देश घालून दिले आणि आंदोलकांवरील फौजदारी खटले मागे घेण्याचा प्रयत्न करावा, असेही सांगितले. प्रकल्प वैध आहे आणि विरोधही वैध आहे, या दोन गोष्टी न्यायालयाने एकाच निकालात मान्य केल्या.

१४. अणुविजेला पाठिंबा आणि अण्वस्त्रांना विरोध, अशी भूमिका घेता येते का?

नक्कीच घेता येते. जपान अणुवीज वापरतो आणि अण्वस्त्रे बाळगत नाही. उलट इस्रायलकडे एकही अणुवीज प्रकल्प नाही, पण अण्वस्त्रे असल्याचे सर्वत्र मानले जाते. जर्मनीने तर एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्याही बंद केल्या. भारतात ही भूमिका घेणे अवघड जाते, त्याचे कारण प्रश्न २ मध्ये आहे. आकड्यांचाही विचार करावा: देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा आज सुमारे ३ टक्के आहे आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. कोळसा कमी करायचा तर अणुविजेला जागा द्यावी लागेल, असे माझे मत आहे. ती कोणत्या किनाऱ्यावर आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न मात्र त्यामुळे मिटत नाही.

१५. युद्ध पेटले तर तारापूर किंवा तुर्भ्यावर हल्ला होणार नाही, याची काही हमी आहे का?

भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांच्या अणुसंस्थांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि तो जानेवारी १९९१ पासून लागू आहे. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुसंस्थांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना देतात, आणि कारगिलनंतर किंवा २००१-०२ च्या तणावातही हा क्रम खंडित झाला नाही. अर्थात हा करार दोन देशांपुरताच आहे. चीनशी असा करार नाही, आणि दहशतवादी गटांना तो बांधत नाही.

१६. आमच्या गावाजवळ प्रकल्प येतो आहे. आम्ही कोणती माहिती मागू शकतो?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ नुसार देशाची सुरक्षा आणि सामरिक हित यांना बाधा आणणारी माहिती नाकारता येते, आणि अणुप्रकल्पांच्या बाबतीत हे कलम वारंवार पुढे केले जाते. कूडनकुलमचा सुरक्षा विश्लेषण अहवाल उघड करावा, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने २०१२ मध्ये दिला होता, तेव्हाही प्रकल्प चालवणाऱ्या सरकारी अणुऊर्जा महामंडळाने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

परंतु पर्यावरणविषयक जनसुनावणी ही गुप्ततेच्या बाहेरची वाट आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो आणि संपूर्ण सुनावणीचे चित्रीकरण करावे लागते. माडबनला २०१० मध्ये ग्रामस्थांची मुख्य तक्रार हीच होती की, अहवाल वेळेवर आणि समजेल अशा भाषेत हाती आला नाही. म्हणून सुनावणीची नोटीस लागताच ग्रामपंचायतीने मराठी सारांशाची प्रत लेखी मागावी, अर्जावर पोच आणि तारीख घ्यावी, आणि सुनावणीत मांडलेला प्रत्येक आक्षेप इतिवृत्तात जसाच्या तसा आला आहे की नाही, हे तेथेच वाचून तपासावे. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान, होड्यांना बंदी असलेल्या पट्ट्याची रुंदी, आणीबाणीत गाव हलवण्याचा आराखडा आणि जमीन नसलेल्या मच्छीमारांची भरपाई, हे चार मुद्दे त्या आक्षेपांत अवश्य असू द्यावेत. यांपैकी एकाही मुद्द्याचा शस्त्रांशी काही संबंध नाही.